बेडवर लॅपटॉप घेतला की मान-कंबर परत परत धरते? आधी पायांकडं बघा

तक्रार सगळ्यांची जवळपास एकच असते, नुसती जागा बदलते. एकाची मान एका बाजूला वळत नाही, दुसरीच्या पाठीत खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे ठणकतं, तिसऱ्याला सकाळी कॉटवरनं उठताना कमरेत कळ येते. मग बाम लावायचा, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी "परत दुखूलालंय की गा" म्हणून फोन. बसायची तऱ्हा तीच ठेवली तर बाम तरी बिचारा काय करणार.

यावर ज्याला विचारावं तो एकच सांगतो, टेबल-खुर्ची घे. बरोबर आहे, घेता आली तर घ्याच. खरं बेळगावातल्या जुन्या घरात, शहापूर-वडगावच्या गल्लीत समजा, टेबल ठेवायला जागा कुठली? असलंच टेबल तर त्यावर शिलाई मशीन नाहीतर पोरांची दप्तरं, पुढच्या खोलीत आज्जीची सिरियल मोठ्या आवाजात, आणि पाऊस लागला की बाहेरच्या कट्ट्यावर पण बसायची सोय नाही. खानापूर साईडला तर पावसाळ्यात घरातनं बाहेर डोकवायचं पण अवघड. बेंगळूर नाहीतर पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करणारे आणि मच्छेकडच्या विटीयूची, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटीची, नाहीतर दुसऱ्या कुठल्या कॉलेजची पीजीत राहणारी पोरं, यांचं ऑफिस म्हणजे कॉटच. तेव्हा कॉट सोडा म्हणून मी सांगत नाही, कॉटवरच काय बदलायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे घरातल्या कुणालातरी सांगून ठेवा की मी कामात असताना, मला न सांगता, बाजूनं एक फोटो काढ. बसल्या बसल्या लगेच काढलेला फोटो उपयोगाचा नाही, कारण पहिली पाच मिनिटं सगळेच शहाण्यासारखे बसतात. अर्ध्या-पाऊण तासानंतरचा पाहिजे. त्यात तीन गोष्टी बघायच्या, बूड भिंतीपासनं किती पुढं सरकलंय, गुडघे सरळ आहेत की वाकलेले, आणि कान खांद्याच्या किती पुढं गेलाय. बहुतेकांच्या फोटोत बूड वीतभर पुढं, पाय ताणून सरळ, पाठ कमानीसारखी बाहेर आणि हनुवटी छातीवर असते. मान दुखते म्हणून आपण मानेकडं बघतो, खरं घोटाळा खालनं सुरू झालेला असतो.

तो कसा ते सांगतो. मांडीच्या मागचे जे स्नायू, ज्याला जिमवाले हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वर बैठकीच्या हाडाला आणि खाली गुडघ्याच्या पलीकडं जोडलेले असतात. पाय सरळ पसरून बसलं की ते ताणले जातात आणि बैठकीचं हाड पुढं ओढतात, त्यामुळं कमरेचा कटोरा, म्हणजे ओटीपोटाभोवतीची हाडं, मागं कलंडतो. तो कलंडला की कमरेची आत जाणारी नैसर्गिक कमान जाते, पाठ गोल होते, पाठ गोल झाली की डोकं पुढं येतं, आणि स्क्रीन बघायला मान वाकवावीच लागते. म्हणजे पाय, कंबर, पाठ, मान अशी ही साखळी, आणि आपण शेवटच्या कडीला बाम चोळत बसतो.

पटत नसेल तर आत्ता फरशीवर बसून बघा. पाय सरळ समोर पसरा आणि पाठ ताठ करायचा प्रयत्न करा. ज्यांचे पाय मागनं आखडलेले आहेत, आणि बसून काम करणाऱ्या बहुतेकांचे असतात, त्यांना मांडीच्या मागं ओढ लागेल आणि पाठ काही सरळ होणार नाही. आता गुडघे थोडे वर वाकवा. लगेच कंबर मोकळी होते, पाठ आपोआप वर येते. एवढाच सगळा खेळ आहे.

त्यामुळं बेडवर बसताना सगळ्यात आधी गुडघ्याखाली काहीतरी घालायचं. उशी चालते, खरं आजकालच्या फायबरच्या उशा दहा मिनिटांत चपट्या होतात, त्यापेक्षा घरातली जुनी वाकळ घट्ट गुंडाळून घातलेली बरी. वाकळ ह्या कामाला भारी, कारण जुन्या लुगड्यांचे थर असल्यामुळं ती दबत नाही, आणि पाहिजे तेवढी जाड गुंडाळता येते. लोड असला तर सोन्याहून पिवळं, पाहुण्यांसाठी कपाटावर टाकून ठेवलेला असतो तो काढून घ्या.

दुसरं, बूड भिंतीला नाहीतर कॉटच्या डोक्याकडच्या फळीला अगदी टेकवून बसायचं, मधे फट नको. कंबर आणि भिंत यांच्यामधे जी पोकळी राहते तिथं टॉवेलची गुंडाळी घाला, मनगटाएवढी जाड पुरे, बेंबीच्या बरोबर मागं येईल अशी. इथं लोक गल्लत करतात ती अशी की मोठी उशी उभी करून पाठीमागं लावतात. ती उशी फऱ्यांना पुढं ढकलते, कंबर तशीच पोकळ राहते, वरनं वाटतं काय मऊ बसलोय. आधार पाहिजे तो खाली कमरेला, वर नुसता टेका.

तिसरं, गादी मऊ असेल तर बूड आत जातं आणि गुडघे उंच राहतात, मग गुडघ्याखाली कितीही घाला कटोरा परत मागं कलंडतोच. तेव्हा बुडाखाली पण एक घडी घाला, दुपटं असूंदे नाहीतर घोंगडं. कुणी म्हणालं की सगळं करून बघितलं तरी कंबर दुखतेच, तर दहापैकी आठ वेळा ही घडी घातलेली नसते. उरलेल्यांची बूड-भिंतीची फट तशीच असते.

पीजीतल्या लोखंडी कॉटवाल्यांचं दुखणं वेगळं. डोक्याकडं नुसत्या सळ्या, त्या पाठीत रुततात म्हणून पोरं सरकत सरकत आडवी होतात आणि शेवटी लॅपटॉप पोटावर येतो. ह्यांनी कॉटची लांब बाजू भिंतीला लावायची आणि भिंतीला पाठ लावून आडवं बसायचं. कॉट अरुंद असेल आणि पाय पलीकडच्या कडेवरनं खाली सुटत असतील तर गुडघे आपोआप वाकतात, उशीची पण गरज नाही, नाहीतर इथं पण गुडघ्याखाली गुंडाळी घाला. पाय लोंबकळत असतील तर खाली बॅग नाहीतर उलटी बादली ठेवा. ज्याची उंची कमी आणि कॉट रुंद, त्यानं भिंतीकडं एक उशी जास्त लावायची.

एवढं करून पण माणूस घसरतोच. चोर्ला घाटाच्या उतारावर न्यूट्रलमधे सोडलेल्या गाडीसारखं आपलं अंग हळूहळू खाली जात असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. त्याला उपाय गुडघ्याखालची ती गुंडाळीच, ती मांडीला अडवून धरते, आणि चादर गुळगुळीत सॅटिनची असेल तर ती काढून सुती घाला, निम्मं घसरणं तिथंच थांबतं.

आता लॅपटॉप. त्याचा मूळचा दोष असा की स्क्रीन आणि कीबोर्ड एकाला एक जोडलेले. कीबोर्ड हाताला सोयीचा ठेवला तर स्क्रीन खाली जातो आणि मान वाकते, स्क्रीन डोळ्यासमोर आणला तर हात अधांतरी राहतात आणि खांदे चढतात. दोन्ही एकदम बरोबर कधीच होत नाही, टेबलावर पण नाही, बेडवर तर नाहीच. मान वाकली तर किती वजन पडतं याचा हिशेब न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 साली मांडला होता. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 5 किलोचं, सरळ असताना मानेवर तेवढाच भार, खरं 15 अंश पुढं वाकलं की तो 12 किलोच्या आसपास, 30 अंशाला 18, आणि 60 अंशाला 27 किलो. हा गणितानं काढलेला हिशेब आहे, माणसांच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही, तेव्हा आकडे घोकत बसू नका. जितकं वाकाल तितकं ओझं वाढतं, एवढं त्यातनं घ्या.

त्यामुळं काम दोन प्रकारात वाटून घ्यायचं. एक नुसतं बघायचं काम, म्हणजे मीटिंग, लेक्चरचा व्हिडिओ, वाचन. दुसरं टायपिंगचं. बघायच्या कामाला लॅपटॉप उंच पाहिजे, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत नाहीतर थोडी खाली, आणि अंतर हात लांब केला की बोटं टेकतील एवढं. बेडवर ही उंची मिळवायला देवघरातला जुना चौरंग एकदम नामी, त्यावर एक-दोन जाड वह्या. बाजारात घडीची छोटी लॅपटॉप टेबलं मिळतात ती पण चालतात, नुसती घेताना पायाची उंची बघून घ्या, कारण गुडघे वाकवलेले असताना ती मांडीवरनं जायला पाहिजेत. बरीचशी टेबलं पाय सरळ ठेवले तरच बसतात, म्हणजे विकत घेऊन परत मूळ दुखण्याकडं.

टायपिंग जास्त असेल तर साधा वायरवाला कीबोर्ड आणि माऊस वेगळा घ्या. काही शे रुपयांचा कीबोर्ड पुरतो, महागाचा नको. स्क्रीन चौरंगावर उंच, कीबोर्ड मांडीवर एका पाटावर, कोपरं अंगाला लागून. माझ्या मते ह्या सगळ्या पोस्टमधे पैसे घालण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. गळ्यात अडकवायच्या उशा, पाठीला बांधायचे पट्टे, खांदे मागं खेचणारे पट्टे, असल्या गोष्टींची जाहिरात बघून ऑर्डर करणारे लई जण आहेत, आणि ते पट्टे महिन्याभरात दाराच्या मागच्या खिळ्याला लटकलेले असतात.

कीबोर्ड घ्यायचा नसेल तर निदान अक्षरं मोठी करा, कंट्रोल दाबून प्लस. मान पुढं जायचं निम्मं कारण बारीक अक्षर असतं, मुंडी आपोआप स्क्रीनकडं जाते. चष्म्याचा नंबर बदललाय का तेही बघा. आणि लांबलचक मजकूर लिहायचा असेल तर गूगल डॉक्समधे बोलून टाईप करायची सोय आहे, मराठी पण घेतं, कन्नड पण घेतं. मराठीत बोलता बोलता मधेच कन्नड शब्द आला की काहीतरी भलतंच उमटतं, ते आपल्याकडं होणारच, नंतर दुरुस्त करून सोडायचं.

घरातली मोठी माणसं "ताठ बस, ताठ बस" करत असतात, त्याबद्दल थोडं. अगदी काटकोनात ताठ बसणं हेच सगळ्यात चांगलं, असं काही नाही. स्कॉटलंडच्या ॲबरडीनमधे बसलेल्या माणसाचा एमआरआय काढून एक अभ्यास झाला होता, 2006 साली मांडला गेला, त्यात मांडी आणि पाठ यांच्यात 135 अंशाचा कोन ठेवून मागं रेललेल्या लोकांच्या मणक्याच्या गाद्यांवर ताठ बसण्यापेक्षा कमी ताण दिसला. 22 जणांवरचाच अभ्यास, तेव्हा छापील कायदा समजायला नको. खरं बेडवर थोडं मागं रेलून बसणं हे पाप नाही एवढं त्यातनं नक्की निघतं. अट अशी की रेललात तर कंबरेचा टेका पाहिजे, डोक्याला पण टेका पाहिजे, आणि स्क्रीन तुमच्याबरोबर वर आला पाहिजे. लोक रेलतात आणि लॅपटॉप मांडीवरच ठेवतात, मग डोकं उचलून धरायला मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू ताणून ताणून दुखतात. मान पुढनं दुखत असेल तर हेच कारण धरा.

पालथं पडून, कोपरांवर भार देऊन काम करणाऱ्यांना माझं काही सांगणं नाही, पाच मिनिटांचा मेल असेल तर करा, त्याच्यापेक्षा जास्त वेळ नको. मान मागं मोडते, कमरेची कमान जास्त होते आणि कोपरं दबतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांना मुंग्या येत असतील तर कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी नस दबतेय, कोपर मऊ जागेवर ठेवा आणि फार वेळ पूर्ण वाकवून ठेवू नका. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती मनगटातली नस, तिथं मनगट वर वाकवून टायपिंग होतंय का बघा. लॅपटॉप मांडीवर जवळ ओढून घेतला की मनगट असं वाकतंच. कोणती बोटं ते नीट बघून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार.

मांडी घालून बसायची ज्यांना सवय आहे त्यांचं बरं आहे, गुडघ्याच्या उशीची भानगड नाही. तिथं नियम एकच, बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं तरी उंच. जुन्या पेढीवरचे मुनीम गादीवर मांडी घालून दिवसभर खतावण्या लिहायचे, त्यांच्यापुढं उतरतं बैठं डेस्क असायचं, म्हणजे वही माणसाकडं वर यायची. तसलं डेस्क कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर झाडून पुसून खाली काढा. आणि खरं सांगायचं तर सतरंजी, पाट आणि चौरंग घेऊन फरशीवर बसणं हे मऊ गादीपेक्षा कधीही चांगलं, थंडीत फरशी गार लागते एवढीच अडचण.

थंडीवरनं आठवलं. डिसेंबरात आपल्याकडं रात्री चांगलाच गारठा पडतो, मग लॅपटॉप ब्लँकेटवर आणि ब्लँकेट अंगावर, ऊब पण मिळते. हे करू नका. बऱ्याच लॅपटॉपची हवा खालच्या जाळीतनं आत जाते, ब्लँकेटनं ती बंद झाली की मशीन तापतं, पंखा ओरडतो, काम हळू होतं. दुसरं म्हणजे रोज रोज उघड्या मांडीवर नाहीतर पातळ कापडावर गरम लॅपटॉप ठेवला तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात. आधी हे चुलीपुढं, शेगडीपुढं बसणाऱ्यांच्या पायावर दिसायचे, आता लॅपटॉपवाल्यांना होतात. दुखत नाहीत म्हणून लोक लक्ष देत नाहीत. खाली पाट घालून सोडा, दोन्ही प्रश्न मिटतात.

एवढी सगळी मांडामांड करून कुणी तीन तास न हलता बसला तर तरीही दुखणारच, कारण चांगल्या तऱ्हेनं बसलं तरी अंग एकाच जागी धरून ठेवणं स्नायूंना सोसत नाही. अर्ध्या तासानं उठायचं. गजर लावून कुणी उठत नाही, गजर बंद करून परत टायपिंग सुरू, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पाण्याची मोठी बाटली जवळ न ठेवता छोटा तांब्या ठेवा. तांब्या संपला की उठावंच लागतं, प्यालेलं पाणी पण उठवतंच.

उठलं की काय करायचं? दोन्ही हात कमरेवर ठेवून हळू मागं वाकायचं, पाच-सहा वेळा. मग हनुवटी खाली न झुकवता सरळ मागं न्यायची, डबल चिन येते तशी, पाच सेकंद धरायची आणि सोडायची, आणि एकदा, असं आठ-दहा वेळा. बघायला येडपट दिसतं म्हणून लोक करत नाहीत, खरं मानेला हीच सगळ्यात कामाची. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढं टाकलं की छाती उघडते. आणि दिवसातनं एकदा आडवं पडून टॉवेल तळपायाला अडकवून पाय सरळ वर ओढायचा, म्हणजे मांडीच्या मागचे ते आखडलेले स्नायू हळूहळू सुटतात. दुखणं उसळलेलं असताना हे ओढून ताणून करू नका, पायात कळ उतरली तर लगेच थांबा.

कापसाची गादी बसायच्या जागी खड्डा पडलेली असेल तर वरचे सगळे उपाय निम्मेच लागू पडतात. पिंजाऱ्याकडनं पिंजून घ्या, ते जमेपर्यंत डोक्याची बाजू पायाला फिरवा, खड्डा बुडाखालनं सरकेल.

बसायची जागा सुधारल्यावर साधं आखडलेलं दुखणं आठवडा-दोन आठवड्यांत उतरायला लागतं. तसं होत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडं जा आणि तो बाजूनं काढलेला फोटो दाखवा, "मी बरोबरच बसतो" म्हणून सांगण्यापेक्षा फोटो लवकर बोलतो. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, हातातली ताकद कमी वाटत असेल, वस्तू हातातनं सुटत असेल, रात्री झोपेतनं दुखण्यानं जाग येत असेल, नाहीतर दुखण्याबरोबर ताप असेल, तर उशा लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा. आणि बैठकीच्या जागी, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, लघवी अडली नाहीतर कळायचीच बंद झाली, तर सकाळ व्हायची वाट न बघता रात्रीच गाडी काढून मोठ्या दवाखान्यात जायचं.